सोलापूरच्या उन्हातला पॅक : प्रकल्प नोंदी, २०२४

५ फेब्रुवारी २०२४

अक्कलकोट रोड एमआयडीसी. नवं काम आजपासून. टॉवेल-चादरीचे गठ्ठे वाहणाऱ्या स्कूटरसाठी ६० व्होल्ट वर्गातला बॅटरी पॅक. चासी, हब मोटर आणि कंट्रोलर पुण्याजवळच्या एका छोट्या कंपनीचे. पॅक आपल्या शेडमध्ये डिझाइन करून इथंच बांधायचा.

मागणीपत्रात पहिली ओळ 'रेंज ८० किमी'. खाली वजन, किंमत, तीन वर्षांची वॉरंटी. 'वापराच्या जागेचं तापमान' या रकान्यात नुसती आडवी रेघ. मी सुरुवात तिथूनच करणार आहे. मालवाहू स्कूटर दिवसातले तीन-चार तास धावते आणि उरलेले वीस तास कुठंतरी उभी असते. ती कुठं उभी असते, किती तापते, आणि तापलेली असताना तिला चार्जरला लावतात का, यावर पॅकचं आयुष्य ठरतं. इतक्या वर्षांच्या कामात हे मला पक्कं कळलंय. तरी बहुतेक डिझाइनमध्ये हा विचार सगळ्यात शेवटी येतो.

१२ फेब्रुवारी

सकाळपासून माल पोचवणाऱ्यांच्या मागं फिरले. चाटी गल्ली, मधला मारुती, कन्ना चौक, परत एमआयडीसी. कारखान्यातून दुकानात, दुकानातून ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. एका खेपेला पायाजवळ एक गठ्ठा, मागं दोन. वजन साठ ते ऐंशी किलो. दिवसाचं अंतर चाळीस किलोमीटरच्या आतच राहतं, पण गाडी सारखी थांबते आणि सारखी निघते. निघताना मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते. रेल्वे पुलाचा चढ सोडला तर रस्ता सपाट आहे.

कुंभारीच्या विडी घरकुलात राहणारे एक अण्णा लेड-ॲसिडची जुनी स्कूटर चालवायचे. आता ती दारात पडून आहे.

"पहिल्या वर्षी झकास चालली मॅडम. दुसऱ्या उन्हाळ्यात निम्म्यावर आली. मग मी उतरून ढकलायचो, गठ्ठे गाडीवर."

"चार्जिंगला कधी लावायचा?"

"दुपारी आल्या आल्या. जेवेपर्यंत तेवढंच भरतंय की."

"आणि गाडी उभी कुठं असायची?"

"पत्र्याखाली. सावली हाय की तिथं."

मी हात वर करून पत्र्याला लावला. फेब्रुवारीतसुद्धा तो धरवत नव्हता. दुपारची खेप संपते, गाडी या पत्र्याखाली येते आणि आल्या आल्या चार्जर लागतो. पॅकला सगळ्यात वाईट वेळ कोणती, याचं उत्तर मिळालं.

१८ मार्च

केमिस्ट्री, म्हणजे सेलमधलं रसायन, ठरवायची आहे. कंपनीचा कल एनएमसीकडे (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), कारण तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा मावते. माझा कल एलएफपीकडे (लिथियम आयर्न फॉस्फेट). कारणं त्यांना लिहून पाठवली. इथंही ठेवते, कारण ती एका दिवसात सुचलेली नाहीत.

इथल्याच कॉलेजातून इलेक्ट्रिकल करून २००७ साली पुण्याला गेले, तेव्हा ई-स्कूटर म्हणजे लेड-ॲसिडच. १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये, तीस किलोच्या आसपास वजन. वेग ताशी २५ किमीच्या आणि मोटर २५० वॉटच्या आत ठेवली की नोंदणी लागत नाही, म्हणून गाड्या सगळ्या त्याच साच्यातल्या. माझ्याकडे वॉरंटीत परत आलेल्या बॅटऱ्या उघडून बघायचं काम होतं. जून-जुलैत हा ढीग वाढायचा, आणि त्यात सोलापूर, नगर, मराठवाडा, विदर्भ इथला माल जास्त असायचा. साहेबलोक म्हणायचे, तिकडचे लोक गाडी नीट वापरत नाहीत. मी त्याच गावची. लोक नीटच वापरत होते. त्यांचा उन्हाळा कुणी डिझाइनमध्ये धरला नव्हता.

पुढं लिथियमवर आले. केंद्र सरकारची ई-वाहनांची फेम-२ योजना २०१९ मध्ये आली तेव्हा अनुदान फक्त प्रगत बॅटरीला होतं, त्यामुळे लेड-ॲसिड झपाट्यानं मागं पडलं. सगळे एकदम लिथियमकडे वळले. ज्यांची तयारी होती ते आणि ज्यांची नव्हती तेही. मग २०२२ चा मार्च-एप्रिल. ठिकठिकाणी स्कूटर पेटल्याच्या बातम्या. त्या उन्हाळ्यात एक जळका पॅक माझ्या टेबलावर आला होता. एका कोपऱ्यातले सेल टोपण उडून रिकामे झालेले, आतली तांब्याची पट्टी वितळून तिचे मणी तळाला पडलेले. दुसऱ्या कोपऱ्यातले सेल जवळजवळ शाबूत. तापमान मोजायला अख्ख्या पॅकमध्ये एकच सेन्सर, तोही बीएमएसच्या, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटच्या, बोर्डावर. जिथं आग लागली तिथून हा सेन्सर सगळ्यात लांब होता. त्याला काही कळलंच नसणार.

त्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरीच्या सुरक्षेचं मानक कडक झालं. १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झालं. सेलजवळ किमान चार तापमान सेन्सर, दाब सोडणारी झडप, सेलमध्ये पुरेसं अंतर, प्रत्येक सेलची उत्पादन तारीख. हे सगळं आधीपासूनच असायला हवं होतं.

आता एलएफपी का. एनएमसी सेल पूर्ण चार्ज असताना फार तापला तर त्याच्या पॉझिटिव्ह बाजूतून ऑक्सिजन सुटतो, आणि आत ज्वलनशील इलेक्ट्रोलाइट असतंच. म्हणजे आगीला लागणारं सगळं एकाच डब्यात. एलएफपीत ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, तो सहजी सुटत नाही. बिघडायचा तर तोही बिघडतो, धूर सोडतो, पण बऱ्याच वरच्या तापमानाला आणि कमी जोरानं. वजनाचा तोटा आहे, तो मान्य. गठ्ठे वाहणाऱ्या गाडीला पाच किलो जास्त झाले तर चालतील, पत्र्याखाली आग लागलेली चालणार नाही.

२२ मार्च

कंपनीनं एलएफपी मान्य केलं. ३२७०० आकाराचे, ६ अँपिअर-तासांचे सेल. २० सिरीज, ५ पॅरलल. एकूण १०० सेल, ६४ व्होल्ट, ३० अँपिअर-तास, म्हणजे १.९२ किलोवॉट-तास. पूर्ण चार्जला ७३ व्होल्ट. तयार पॅकचं वजन १९ किलोच्या आसपास जाईल.

भरल्या गाडीला किलोमीटरमागं ३० वॉट-तास धरले तर, थोडा चार्ज राखून, ५५ ते ६० किमी मिळतील. ८० नाही. कंपनीला सांगितलं की माहितीपत्रकात दोन आकडे छापा, रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा. गठ्ठा लादल्यावरच लोकांना गाडीची परीक्षा घ्यायची असते.

१ एप्रिल

फेम-२ काल संपली. आजपासूनच्या नव्या योजनेत दुचाकीला किलोवॉट-तासामागं ५,००० रुपये अनुदान, कमाल १०,०००. फेम-२ मध्ये किलोवॉट-तासामागचा हा आकडा जून २०२१ ला १५,००० झाला होता, जून २०२३ मध्ये १०,००० वर आला. साहजिकच कंपनीचा फोन: खर्च कुठं कमी करता येईल? यादीत त्यांनी पहिली खूण उष्णतारोधक पत्र्यावर केली होती. त्याला नाही म्हणाले. केसिंगचा रंग, स्टिकर, पॅकिंगचा खोका यात काय वाचेल ते वाचवा. पत्रा राहणार.

९ एप्रिल

पाडवा. शेड बंद, पण सेलचा माल कालच आलाय म्हणून दुपारी दोन तास येऊन गेले. सगळ्या सेलचं व्होल्टेज आणि अंतर्गत रोध मोजून ठेवायला घेतला. आता पंधरवडा तसेच ठेवून परत व्होल्टेज मोजायचं. एलएफपीचा व्होल्टेजचा आलेख मधल्या भागात इतका सपाट असतो की तीन-चार मिलिव्होल्टची घसरणही मनावर घ्यावी लागते. जो सेल आपोआप उतरतो तो पॅकमध्ये गेला तर त्याच्या गटाला कायम मागं ओढत राहतो. असे सेल बाजूला काढायचे, किमतीचा विचार न करता.

२६ एप्रिल

निकेल पट्टीचा नवा रोल आला. बिलावर 'शुद्ध निकेल'. वेल्डिंगला बसणाऱ्या पोरीला तपासायला सांगितलं. आयटीआय झालेली, हात फार स्थिर. तिनं पट्टीचा तुकडा कानसीनं घासला आणि मिठाच्या पाण्यात टाकून वाटी खिडकीत ठेवली. सकाळी घासलेल्या जागी तांबूस डाग आणि वाटीच्या तळाला गंजाची पूड. म्हणजे आत लोखंड, वरून निकेलचा मुलामा. अशा पट्टीचा रोध शुद्ध निकेलच्या जवळजवळ दुप्पट. रोध दुप्पट म्हणजे तेवढ्याच करंटला तिथं उष्णताही दुप्पट, आणि पावसाळ्यात गंज वेगळाच. रोल परत पाठवला.

शुद्ध पट्टी येईपर्यंत जुन्या शिल्लक मालावर वेल्डिंगचा सराव. वेल्ड झालेली पट्टी पकडीनं ओढून काढायची. पट्टी सेलवरून सहज सुटून आली तर वेल्ड कच्चा. पट्टीला भोक पडून तो ठिपका सेललाच चिकटून राहिला तर वेल्ड पक्का. पोरगी प्रत्येक ठिपक्याचा आवाज ऐकून सांगते कच्चा की पक्का, मग ओढून बघते. तिचा अंदाज सहसा चुकत नाही.

१५ मे

महिनाभर याच दिवसांची वाट बघत होते. दुपारी अडीच वाजता, हवा ४१ अंश. नमुन्याच्या गाडीत पॅक आधी सीटखाली ठेवला, सगळीकडे तापमान मोजणारे थर्मिस्टर लावले. उन्हात उभ्या गाडीच्या सीटखालच्या कप्प्यात ५४ अंश. काळ्या सीटचा फोम वरून तापतो आणि खालची हवा कोंडून राहते. पॅक पायाजवळच्या तळाला हलवला तर ५१, कारण तिथं डांबर खालून तापवतं.

तळालाच ठेवून खाली आणि बाजूंना पांढरा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, पत्रा आणि केसिंगमध्ये दहा मिलिमीटर मोकळी हवा. त्याच जागी, तशाच उन्हात ४५. पॅक आयपी६७ म्हणजे पूर्ण बंद, आत हवा खेळवता येत नाही. त्यामुळे उष्णता आत येण्याआधीच अडवायची, आणि आतली बाहेर काढायला सेलपासून केसिंगपर्यंत थर्मल पॅड. पंखा नाही, पाणी नाही. बिघडण्यासारखं त्यात काही नाही म्हणून हा उपाय मला आवडतो.

या सहा अंशांसाठी इतकी धडपड का, असं कंपनीच्या तरुण इंजिनिअरनं विचारलं. चांगला प्रश्न, म्हणून नीट सांगितलं. पहिल्याच चार्जला सेलच्या निगेटिव्ह बाजूच्या ग्राफाइटवर एक पातळ थर बसतो. तो थर हवाच, त्याच्याशिवाय इलेक्ट्रोलाइट ग्राफाइटवर विघटित होतच राहील. पण उष्णतेत हा थर जाड होत जातो आणि जाड होताना लिथियम अडकवून ठेवतो. ते लिथियम पुन्हा कामाला येत नाही. म्हणून न चालवलेल्या गाडीचीसुद्धा क्षमता घटते. ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना ही झीज साधारण दुप्पट होते. एलएफपीलाही यातून सुटका नाही. आणि सेल पूर्ण भरलेला असेल तर झीज आणखी जास्त. तो गप्प बसून लिहून घेत होता. पुढच्या वेळी सीटखालचा कप्पा तो स्वतःच मोजेल, अशी आशा आहे.

२१ मे

चार्जिंगचा प्रश्न. सेलच्या डेटाशीटमध्ये चार्जिंगची मर्यादा ४५ अंश. दुपारची खेप संपवून आलेला पॅक आज ४७ होता. बीएमएसनं चार्जिंग नाकारलं आणि ते बरोबर होतं. पण चालवणाऱ्याला वाटणार चार्जर बिघडला. तो दुसरा चार्जर आणणार, नाहीतर कुणाकडून तरी बीएमएस बायपास करून घेणार. असं केलेले पॅक मी पाहिलेत. पॅक काय करतोय हे माणसाला कळलं पाहिजे, नाहीतर सुरक्षितता काढून टाकली जाते.

ठरलं ते असं. ४५ च्या वर चार्जिंग बंद आणि पिवळा दिवा लुकलुकणार. ४० ते ४५ मध्ये फक्त ४ अँपिअर. ४० च्या खाली पूर्ण १० अँपिअर. दिव्याखाली 'गार होऊ द्या' हे शब्द मराठीत आणि तेलुगूत, कारण पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगूच बोलतात.

खरा फायदा रात्रीच्या चार्जिंगचा. चार्जर संध्याकाळी लावला तरी पॅकनं मध्यरात्रीनंतर भरायला घ्यायचं आणि पहाटे पूर्ण व्हायचं. तोवर तो गारही होतो आणि भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास पडून राहत नाही.

अण्णांना दाखवलं. त्यांनी लगेच विचारलं, "आन् रातीला लाइट गेली तर? सकाळी मी गठ्ठे काय डोक्यावर नेऊ?"

मुद्दा रास्त आहे. बदल केला: संध्याकाळी तापमान मर्यादेत आलं की लगेच ५० टक्क्यांपर्यंत भरायचं, उरलेलं पहाटे. ५० टक्क्यांत सकाळच्या खेपा होतात.

१४ जून

पाऊस. दत्त नगरकडच्या रस्त्यावर पाणी साचलं होतं, त्यातून गाडी काढली. पॅक आत कोरडा. कनेक्टरच्या तोंडाशी मात्र पांढरट थर. इथल्या पाण्यातला क्षार आणि रस्त्याची धूळ. कनेक्टर तोंड खाली करून बसवायचा, रबरी टोपी दोरीनं बांधलेली.

३ जुलै

शेडच्या मागच्या मोकळ्या जागेत ती चाचणी घेतली, जिची मला सगळ्यात जास्त काळजी होती. पुण्याला अधिकृत चाचणीत एक सेल मुद्दाम बिघडवतात आणि आग शेजारी पसरते का ते बघतात. तिथं जाण्याआधी स्वतः पाहायचं होतं. वाळूच्या गोण्यांचा चौकोन, आत पूर्ण चार्ज केलेला पॅक, मधल्या एका सेलला हीटर गुंडाळलेला. वारा पाठीमागून, तोंडाला गॅसचा मास्क, कारण या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो. बाकीच्यांना फाटकाबाहेर उभं केलं.

बराच वेळ काहीच नाही. मग एक कोरडा 'टक्', झडप उघडली, आणि पांढरा दाट धूर एका रेषेत वर गेला. जाळ नाही. पडद्यावर शेजारच्या सेलचं तापमान चढत गेलं: ८०, ९६, ११२. ११८ ला थांबलं. मी आकडा बघत उभी होते. ११७. मग ११५. सेलमधलं अंतर आणि अभ्रकाचे तुकडे यांनी काम केलं. तासाभरानं पॅक उघडला. एक सेल काळा, शेजारचे चार त्यांच्या निळ्या आवरणासकट जागेवर. आवरण फक्त एका बाजूला आकसलेलं.

वेल्डिंगवाल्या पोरीनं तो काळा सेल मागून घेतला. म्हणाली, नवीन मुलं कामाला आली की त्यांना दाखवीन.

२९ जुलै

पॅक पुण्याच्या चाचणी प्रयोगशाळेत. थर्मल शॉक: सहा तास ६० अंश, सहा तास उणे ४०, अशी पाच आवर्तनं. शेडमधल्या एकानं विचारलं, सोलापूरच्या पॅकला उणे ४० कशासाठी? कारण प्रसरण-आकुंचनात कच्चा वेल्ड आणि सैल स्क्रू उघडे पडतात. काढता येणारा पॅक म्हणून एक मीटरवरून काँक्रीटवर टाकतात, तेही झालं. कोपरा चेपला, आत सगळं जागेवर.

१९ ऑगस्ट

अहवाल आला. सगळ्या चाचण्या पार. शेडमध्ये पेढे.

२१ ऑक्टोबर

उन्हाळ्यापासून फिरत असलेल्या नमुन्याच्या गाड्यांचे पॅक परत घेऊन क्षमता मोजली. पत्रा आणि रात्रीचं चार्जिंग असलेल्या पॅकमध्ये २९.३ अँपिअर-तास. तुलनेसाठी सीटखाली ठेवलेल्या, दुपारी चार्ज होणाऱ्या पॅकमध्ये २८.१. सेल एकाच लॉटचे, पॅक एकाच टेबलावर बांधलेले, गल्ल्याही त्याच. फरक फक्त उष्णतेचा. एका उन्हाळ्यात एवढा, तर तीन वर्षांच्या वॉरंटीत किती, हा आलेख कंपनीला पाठवला. पत्रा आता त्यांच्या चित्रात कायमचा आलाय.

अण्णांची नवी तक्रार आहे आणि ती महत्त्वाची आहे. त्यांचा जावई दुसऱ्या मजल्यावर राहतो, खाली प्लग नाही, आणि १९ किलोचा पॅक रोज जिन्यानं नेणं त्याला जमत नाही. असे बरेच जण असणार. पॅकचे दोन भाग करायचे तर २०एस२पी (२० सिरीज, २ पॅरलल) आणि २०एस३पी, दोन वेगळे बीएमएस. अडचण अशी की एक भाग भरलेला आणि दुसरा रिकामा असताना ते पॅरललमध्ये जोडले तर भरलेल्यातून रिकाम्यात मोठा करंट धावेल. जोडण्याआधी दोन्हींचं व्होल्टेज बघून मगच मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू करणारी पायरी बीएमएसमध्ये घालावी लागेल. मात्र एलएफपीत व्होल्टेज सारखं दिसलं तरी चार्ज सारखा असेलच असं नाही, म्हणून प्रत्येक भागाचा अँपिअर-तासांचा हिशेब वेगळा ठेवायचा आणि सुरुवातीला करंट मर्यादित करून जोडायचं. सर्किटचं पहिलं चित्र आज काढलं. जोडताना करंट आवरणारा प्री-चार्जचा रेझिस्टर किती ठेवायचा ते उद्या बेंचवर बघायचं.